पक्की वीण

चहाचे कप आले, आत्याबाईंनी पिशवीचं तोंड उघडलं आणि टेबलाभोवतीचे सगळे पुरुष शाळेत नखं दाखवतात तसे हात पुढे करून बसले.

थंडी पडली की एका रविवारी हे व्हायचंच. वर्षभर विणलेले हातमोजे आत्याबाई स्वतः एकेकाच्या हातात चढवून बघत. अंगठा नीट बसला का, मनगटाशी वारा शिरत नाही ना. या वर्षी लोकर हिरवी होती, पण झाडापानांसारखी हिरवी नव्हे. खोकल्याच्या औषधाची असते तशी.

"वा," आण्णा म्हणाले.

"रंग छान आहे," दादा म्हणाला.

"लांबून ओळखू येतो," जावईबापू म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

सूनबाई मूग गिळून चहा ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती. शेजारी तिचा नवरा नवे हातमोजे घालून दोन्ही पंजे मांडीवर ठेवून बसला होता, कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे.

तिला आज दोन गोष्टी साधायच्या होत्या आणि त्या एकमेकींच्या मुळावर उठल्या होत्या. खालचा फर्निचरचा कारखाना कुणी सांभाळायचा, हे आज ठरणार होतं, आणि तो तिला हवा होता. दुसरं म्हणजे ही खोकल्याच्या औषधाची लोकर मशीनपासून लांब ठेवायची होती. पण कारखाना कुणाला द्यायचा ते आत्याबाई ठरवणार, आणि लोकर आत्याबाईंचीच.

आण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, हात टेकले होते. त्यांच्या डोळ्यांना आता जवळचं दिसेना आणि लांबचं त्यांना पाहायचं नव्हतं. मागच्या महिन्यात त्यांनी टेबलाच्या पायात मारायचा स्क्रू शेजारच्या खुर्चीत मारला. खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं होतं. त्यानंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, आता तुमच्यापैकी कुणीतरी बघा.

या घरात असे निर्णय जेवणानंतर याच टेबलावर होत. प्रत्येकजण बोले. आण्णांची थोरली बहीण म्हणून आत्याबाई सगळ्यात शेवटी बोलत. आई गेल्यावर आण्णांना आणि काकांना, या दोन्ही धाकट्या भावांना त्यांनीच वाढवलं होतं. त्यामुळे बाकीच्यांची मतं ऐकून घेतली जात आणि आत्याबाईंचं मोजलं जाई. नणंदेला सर्दी झाली होती, म्हणून तिनं आपलं मत नवऱ्याबरोबर पाठवलं होतं. पण जावईबापू ते वाटेत विसरले होते. थोरली जाऊ मुलांना घेऊन माहेरी गेली होती. आपला नवरा कारखाना सांभाळणार हे बघवणार नाही, असं जाताना ती सूनबाईच्या कानात सांगून गेली होती.

"कुणाचा काय विचार आहे, बोला," आण्णा म्हणाले. "मला नंतर झोपायचंय."

सूनबाईला परवाची दुपार आठवली. परवापासून दुसरं काही आठवतच नव्हतं.

परवा नवरा उभ्या ड्रिलवर खुर्चीच्या पायांना भोकं पाडत होता. हातात गेल्या वर्षीचे जांभळे मोजे. डाव्या हातात लाकूड, उजव्या हातानं दांडा खाली ओढतोय. डाव्या मोज्याच्या टोकाला बारीक गाठ होती. भोक पाडणाऱ्या फिरत्या बिटानं ती गाठ धरली, मग मोज्याचं टोक धरलं, आणि तिनं पॉलिशचा ब्रश खाली टाकेपर्यंत मशीन घरघरून थबकलं. मोटर फिरत होती, पण वरचा पट्टा पुलीवरून घसरत होता. त्या घसरण्यामुळेच नवऱ्याला हात मोज्यातून उपसून काढता आला. कोपऱ्यात बसून त्यानं बोटं मोजली, दोनदा, आणि म्हणाला, "आत्याला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

पट्टा सैल आहे, भोकं तिरकी पडतात, घट्ट कर, असा तगादा सूनबाईनंच दादामागे कित्येक आठवडे लावला होता. दादा तिचा थोरला दीर, आळसाच्या बाबतीत अतिशय काटेकोर. त्यानं तिकडे कानाडोळा केला, म्हणून त्याच्या भावाचा हात आज मनगटाला जोडलेला होता. आणि काल, घरात आपण उद्योगी दिसलो पाहिजे असं मनात आल्यामुळे, दादानं पट्टा घट्ट करून टाकला. उद्या सोमवार. उद्या पट्टा घसरणार नव्हता.

"मी काय म्हणतो," दादा खुर्चीत पुढे सरकला, "घरी असो की कारखान्यात, मशीन म्हणजे खेळ नव्हे. जावईबापूंचंच बघा."

"माझं काय बघायचंय?" जावईबापू सावध झाले.

"गच्चीवरचं."

जावईबापूंनी गेल्या महिन्यात लोखंड कापायचा, हातात धरायचा ग्राइंडर विकत घेतला होता. घरातली करायची कामं संपली, तेव्हा त्यांनी न करायची काढली. खिडकीचा गज कापताना समोरचं नीट दिसत नाही म्हणून त्यांनी चकतीवरचं संरक्षक झाकण काढून ठेवलं, पायात स्लिपर घातल्या आणि तिरक्या हातानं जोर लावला. चकती तडकली. तिचा एक तुकडा शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत सापडला. बाकीचे सापडले नाहीत.

"हातमोजे घातले होते ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"घातले होते."

"म्हणून वाचलात."

"पण तुकडा कानाजवळून गेला, आत्या. डोक्याला मोजा नव्हता."

"टोपी विणते," आत्याबाई म्हणाल्या.

सूनबाईनं तोंडाशी कप धरला.

"तेच म्हणतोय मी," दादानं धागा पकडला. "कारखाना माझ्याकडे आला तर माझा पहिला नियम असा. हातमोजे घातल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही. आत्यानं विणलेलेच. काकांचं जे झालं ते या घरात पुन्हा होणार नाही."

आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मऊ झाली. काका खिडकीशी बसले होते, कप डाव्या हातात धरून. त्या हाताला अंगठा आणि दोन बोटं होती. बाकीच्या दोन बोटांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ऐन थंडीत काका उघड्या हातानं याच ड्रिलवर बसले, हात गारठून बधिर झाला, बिट कधी लागलं ते कळलंच नाही. दवाखान्यात आत्याबाईंनी शपथ घेतली की यापुढे या घरातला एकही हात उघडा राहणार नाही. शपथ त्यांनी मोडली नव्हती. आणि कुणाला मोडू दिली नव्हती.

"मास्तरीण," आत्याबाई वळल्या. लग्नाआधी सूनबाई मुलांना विज्ञान शिकवायची, त्याचा हा शेरा अजून पुसला गेला नव्हता. "तुझा पहिला नियम काय?"

नवऱ्यानं टेबलाखाली तिचा पाय दाबला. मोज्यातून दाबावा तसा, हळूच.

"फिरणाऱ्या मशीनवर कुणी हातमोजे घालायचे नाहीत," सूनबाई म्हणाली.

 जावईबापूंनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते आत तुटून पडलं, तरी त्यांनी चमचा मागितला नाही.

"पुन्हा सांग," आत्याबाई म्हणाल्या.

"लाकूड उतरवताना घालावेत. पत्रा उचलताना घालावेत. थंडीत बाहेर जाताना तर घालावेतच. पण ड्रिल नाही, करवत नाही. सैल बाहीसुद्धा नको. कातडीला बिट लागलं तर जखम होते, आणि हात आपोआप मागे येतो. कापड लागलं की ते गुंडाळलं जातं, आणि हात पुढे जातो."

"मोठं शास्त्र आहे," दादा म्हणाला. "आणि काकांची बोटं कशानं गेली? मोजे घातल्यानं? घरातल्या मांजरालाही माहीत आहे, उघड्या हातानं गेली."

सूनबाईनं काकांच्या हाताकडे पाहिलं. ती या घरात आल्यापासून तो हात रोज बघत होती. आज तिनं तो एखाद्या तुटलेल्या जोडासारखा पाहिला, कुठून ताण आला असेल ते शोधत. दोन बोटांच्या जागी सरळ कापल्याचा व्रण नव्हता. कातडी पिळून सुकलेल्या फडक्यासारखी तिरकी गेलेली. आणि मनगट. काका कप वळवताना मनगट वळवत नसत, कोपर वळवत.

"चहा आणखी आणते," ती म्हणाली आणि उठली.

स्वयंपाकघरात ती किटली भरत होती, तेवढ्यात काका कप ठेवायला आले. कप अर्धा भरलेला होता. त्यांनी तो ओतून टाकला आणि मग ठेवला.

"तू हाताकडे बघत होतीस."

"हो."

"इतके दिवस कधी बघितला नव्हतास?"

"गोष्ट ऐकली होती ना, त्यामुळे हात नीट बघितला नव्हता." तिनं गॅस लावला. "बिट भोक पाडतं, काका. फार तर फाडतं. बोटं पिळून नेत नाही, आणि मनगटापर्यंत तर पोचतच नाही. काहीतरी तुमचा हात धरून ओढत होतं."

काकांनी नळ सोडला. धुवायला काही नव्हतं.

"पहिला जोड होता तिचा," ते पाण्याच्या आवाजात म्हणाले. "राखाडी. आदल्या दिवशी पुरा केला होता, आणि मला घालून मिरवायचं होतं."

"आण्णांना माहीत आहे?"

"त्यानंच मशीन बंद केलं. मोजा दवाखान्यात कापून काढला, तो मी टाकून द्यायला लावला. मग ही आली. उशाशी बसून म्हणाली, हातमोजे घातले असतेस तर. तिला वाटलं, मी घातलेच नव्हते. मी म्हटलं, हो, चुकलंच माझं. तेवढ्यानं तिचं रडू थांबलं. ती दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या घराला विणायला घेईल, हे मला काय ठाऊक."

"आणि तुम्ही दोघं इतकी वर्षं घालत राहिलात."

"आम्ही खाली गेलो की काढून ठेवतो," काका म्हणाले. "दादाला तर कामच नसतं. घालतो तो एकटा तुझा नवरा. तो गुणी आहे."

किटली कण्हायला लागली.

"सांगू नकोस तिला," काका म्हणाले. "तिला सहन नाही व्हायचं."

"आणि त्याचा हात?"

"ते तू बघ. तू हुशार आहेस."

या घरात कुणाला हुशार म्हणणं म्हणजे काम त्याच्याकडे सरकवणं, हे सूनबाईला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. पण या वेळी सरकवलेलं काम जड होतं. बाहेर जाऊन तिनं एक वाक्य बोलायचं. दादा गप्प, कारखाना हातात, नवऱ्याची बोटं शाबूत. आणि एक बाई उरलेलं आयुष्य आपल्याच हातांकडे बघत बसणार. वाक्य बोललं नाही तर उद्या सकाळी हिरवे मोजे, घट्ट पट्टा आणि एक गुणी माणूस एका मशीनपाशी जमणार.

तिनं किटली उचलली. कुठलं वाक्य बोलायचं ते दारापर्यंत पोचेपर्यंत ठरलं नव्हतं.

"झालं खलबत?" आत्याबाईंनी विचारलं. "आता स्पष्ट सांग. माझे मोजे तुझ्या नवऱ्याचा हात खातात, असंच ना?"

"परवा खाल्लाच असता," सूनबाई म्हणाली.

नवऱ्यानं डोळे मिटले. तिनं परवाचं सगळं सांगितलं, गाठ, बिट, घसरलेला पट्टा. काकांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळे वाचला," दादा म्हणाला. "मी पट्टा घट्ट केला नव्हता म्हणून."

"हो, दादा. तुमच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम. आणि ते तुम्ही काल बिघडवलंत."

"गाठ राहिली असेल," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ताठ होता. "एखादी राहते. पण माझी वीण कच्ची नाही, मास्तरीण. मी दुहेरी धागा घेते. बैलगाडी ओढली तरी माझा मोजा तुटायचा नाही."

"तुमची वीण कच्ची असती तर मला एवढी भीती वाटली नसती, आत्याबाई. कच्चा धागा तुटला असता आणि हात सुटला असता."

आत्याबाईंनी सुया पिशवीत खुपसल्या, कात्रीही टाकली, आणि पिशवी खांद्याला लावून उभ्या राहिल्या.

"चल खाली. दाखव."

"कशाला नासाडी," काका घाईनं म्हणाले. "नवा जोड आहे."

"माझा आहे. मी नासवीन."

कारखान्यात रविवारची गार शांतता होती. भुसा झाडून एका कोपऱ्यात लोटलेला, पॉलिशचा वास, भिंतीला टेकलेले बिनपाठीच्या खुर्च्यांचे सांगाडे. सूनबाईनं बाह्या कोपरापर्यंत चढवल्या, केस आवळून बांधले, डोळ्यांवर जाड चष्मा लावला. चष्मे सगळ्यांना वाटले. जावईबापूंनी आपला कपाळावर ठेवला, तिनं हातानं खाली ओढला.

नवऱ्याचा डावा मोजा तिनं भुशानं ठासून भरला, त्यात हातभर लांब काठीचं टोक खोचलं आणि मनगटाशी तारेनं आवळलं. काठीच्या टोकाला एक लठ्ठ हिरवा पंजा आला. तो सगळ्यांना नमस्कार करतोय असं दिसत होतं.

"हे जरा जावयांसारखं दिसतं," दादा म्हणाला.

"तू मेन स्विचपाशी," तिनं नवऱ्याला सांगितलं. "मी मान हलवली की वीज तोड. मान हलवायची राहिली तरी तोड. बाकी सगळे त्या खांबामागे. आत्याबाई, तुम्हीही."

"मी विणलाय."

"म्हणूनच मागे."

आण्णा आणि काका खांबाच्या दोन बाजूंनी उभे राहिले. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं, आणि त्यामुळेच ते संशयास्पद दिसत होते.

ड्रिल सुरू झालं. पट्टा घट्ट होता, मशीनला लाडात आल्यासारखा एकसुरी आवाज येत होता. सूनबाईनं हात लांब करून, अंग बाजूला ठेवून काठी पुढे नेली. पंजा बिटाजवळ गेला. आधी काही झालं नाही. बिटाच्या कडेला हिरवा केसाळपणा दिसला, बस. आत्याबाई काहीतरी बोलायला तोंड उघडत होत्या.

मग पंजा वळला. बोटं एकावर एक चढली, मोजा मुठीसारखा आवळला गेला, मनगट बिटाकडे खेचलं गेलं आणि काठी तिच्या हातातून निसटून गोल फिरली. भुसा चहूकडे उडाला. काठीनं पॉलिशचा डबा फळीवरून भिरकावून दिला. ती मान हलवण्याच्या आतच नवऱ्यानं वीज तोडली होती.

मशीन थांबलं, तरी पंजा थोडा वेळ उलटा सुटत राहिला, आणि मग स्थिर झाला.

 आत्याबाई खांबामागून आल्या. सूनबाईनं प्लग काढलेला दाखवला तेव्हाच त्यांनी बिटाला हात लावला. बिटाभोवती लोकरीचा दोर झाला होता, कडक. त्या धाग्याचं टोक शोधून उलट फिरवू लागल्या, आयुष्यभर गुंता सोडवलेल्या बोटांनी. एकही धागा तुटला नव्हता. अंगठा शाबूत निघाला. शेजारची दोन बोटं शाबूत निघाली. उरलेली दोन पिळून एकमेकांत रुतून बसली होती, आणि मनगटाची पट्टी तिरकी होऊन वर चढली होती.

त्या थांबल्या. मोजा हातात धरून त्यांनी मागे पाहिलं.

"धाकट्या," त्या म्हणाल्या, "हात दाखव."

काकांनी हात पाठीमागे नेला.

"मी लहान मुलाशी बोलत नाही. हात दाखव."

त्यांनी हात पुढे केला. आत्याबाईंनी मोजा त्याच्या शेजारी धरला. दोन्ही एकाच बाजूला वळलेले होते.

"राखाडी जोडातला एकच घरी आला होता," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठाय विचारलं, तर म्हणालास, हरवला. मी तुला वेंधळा म्हटलं होतं."

"हरवलाच म्हणायचा," काका पुटपुटले.

"आणि तू?" त्या आण्णांकडे वळल्या. "तुला माहीत होतं. तुझं तोंडच सांगतंय. तुला धड खोटंही बोलता येत नाही, म्हणून तू इतकी वर्षं नुसतं 'वा' म्हणत आलास."

आण्णांना अचानक भिंतीवरची करवत फार आवडली.

सूनबाईला वाटलं, आता या खाली बसतील, आता रडतील, आणि हे सगळं आपण केलं. तिनं स्टूल पुढे सरकवलं. आत्याबाई बसल्या, पण रडल्या नाहीत. त्यांनी काकांचा तोकडा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर एक चापटी मारली, चांगली वाजेल अशी.

"इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या हातात फास विणून देत बसले, आणि तुम्ही रंग छान आहे म्हणत राहिलात."

"तुला वाईट वाटलं असतं," काका म्हणाले.

"वाटलं असतं. वर्षभर वाटलं असतं. मग मी मफलर विणले असते."

"मफलर तर अजून वाईट, आत्याबाई," सूनबाईच्या तोंडून गेलं. "मशीनपाशी."

आत्याबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. तो हसण्याचा होता हे कळायला सगळ्यांना वेळ लागला. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी हिरव्या मोज्यालाच पुसले आणि भुसा डोळ्यांत गेला.

"तुला कळलं होतं," त्या सूनबाईला म्हणाल्या. "वरच. चहाच्या वेळी."

"हो."

"का नाही बोललीस? तिथेच जिंकली असतीस."

"मला हात वाचवायचा होता. तुम्हाला हरवायचं नव्हतं."

 काकांचा हात आत्याबाईंनी अजून सोडला नव्हता. पिळलेल्या कातडीवरून त्यांचा अंगठा सावकाश फिरत होता, वीण तपासताना फिरतो तसा.

"आणखी कुणाला काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "पुन्हा मी ऐकून घेणार नाही."

"मला लोकरीनं खाज सुटते," दादा म्हणाला. "लहानपणापासून."

"मी त्यातल्या एकानं बूट पुसतो," जावईबापू म्हणाले. त्यांना बहुधा वाटलं होतं की आपला नंबर आधी लागला तर शिक्षा कमी होईल.

"आणि रंग?"

सगळ्यांनी आपापले चष्मे पुसायला घेतले.

"रंगाबद्दल विचारतेय."

"मोडीत निघालेली लोकर घेतेस तू," आण्णा शेवटी म्हणाले. "कुणी न घेतलेली. दिसतं ते."

हे मात्र आत्याबाईंना लागलं. बोटांचं त्यांनी सोसलं, रंगाचं सोसेना. त्या उठल्या, पदर झटकला, भुसा आण्णांच्या अंगावर उडाला.

"माझं मत सूनबाईला," त्या म्हणाल्या. "हिला खोटं बोलता येत नाही आणि नको तिथे खरंही बोलत नाही. दादा, तुझं काही म्हणणं?"

"मला तर सुटल्यासारखं वाटतंय," दादा म्हणाला आणि खरोखरच एका अर्धवट खुर्चीवर अंग टाकून दिलं. तिला पाठ नव्हती. तो सरळ भुशात जाऊन पडला.

आण्णांनी शर्टाच्या आतून कारखान्याची किल्ली काढली. जाड, काळ्या गोफाला अडकवलेली. त्यांच्या वडिलांच्या गळ्यात ती होती, मग त्यांच्या, आंघोळीलाही ते ती काढत नसत. त्यांनी ती डोक्यावरून काढली, दोन्ही हातांनी धरली, आणि सूनबाईनं मान वाकवली. गोफ थंड होता आणि थोडासा घामट. किल्ली छातीवर आली तेव्हा तिला एकदम काहीतरी मोठं वाटलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती बिटाला उरलेला लोकरीचा गुंता काढायला ड्रिलवर वाकली.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या.

ती तशीच वाकलेली थांबली. किल्ली तिच्या गळ्यातून खाली लोंबून बिटाच्या टोकाशी हेलकावे खात होती. गोफ बिट धरणाऱ्या चकपासून बोटभर अंतरावर.

तिनं पाहिलं. आण्णांनीही पाहिलं, आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. आयुष्यभर ते या मशीनवर असेच वाकत आले होते, आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील. आज या खोलीत ज्या एका व्यक्तीनं बाह्या चढवल्या होत्या आणि केस बांधले होते, तिच्याच गळ्यात सगळ्यात पक्की दोरी होती.

"प्लग काढलेला आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लंगडा वाटला.

"आज काढलेला आहे." आत्याबाईंनी पिशवीतून कात्री काढली. "हालू नकोस."

थंड पातं मानेला लागलं. गोफ जुना आणि दुहेरी होता. कात्री दोनदा दाबावी लागली.